फुंकर

धोक्याची घंटा वाजली आणि बाईंनी गाल फुगवले. समोरच्या बुटक्या टेबलावर दिवा तेवत होता, भोवती बालवर्गाची पोरं गोल करून बसली होती. एक फुंकर मारायची आणि मुलांना बाहेर काढायचं, एवढंच काम होतं. पण फुंकर काही बाहेर पडेना. सणाचा दिवा फुंकून विझवायचा नसतो, हे बाईंच्या अंगात लहानपणापासून इतकं मुरलं होतं की ऐन वेळी तोंडच संपावर गेलं.

"सगळं तिथंच राहू द्या, आधी मुलं बाहेर," मुख्याध्यापिका दारातून म्हणाल्या. परक्या देशातल्या या शाळेत, आपल्याकडचा सण मुलांना दाखवते म्हणून बाईंनी त्यांच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या. शेवटी परवानगी मिळाली, ती 'तुमच्या जबाबदारीवर' या शब्दांसकट. आता बाईंनी दिवा तसाच जळता सोडला आणि मुलांच्या जोड्या लावल्या.

मैदानात बोचरा वारा होता. शाळेचा नियम साधा होता, जोडीदाराचा हात सोडायचा नाही. बाई रांगेवरून नजर फिरवत गेल्या. शेवटचा मुलगा एकटाच उभा होता.

"तुझी जोडी कुठंय?"

"ती मागे पळाली. दिवा एकटा आहे म्हणाली."

त्याची जोडी म्हणजे ठमी, बाईंची स्वतःची लेक. सकाळी तिची वेणी घालताना त्यांनीच तिला बजावलं होतं, "दिवा म्हणजे आज आपल्याकडे आलेला पाहुणा. पाहुण्याला एकटं टाकून जातो का आपण?" ठमीने मोठ्या माणसासारखी मान हलवली होती. कुठून अवदसा आठवली आणि असलं काही शिकवलं, असं आता बाईंना झालं.

त्या दाराकडे धावल्या. मुख्याध्यापिकांनी त्यांचा दंड धरला.

"आत जायचं नाही. आगीचा बंब येतोय."

"माझी मुलगी आहे आत."

"आणि ही सगळी कुणाची आहेत? त्यांना सोडून जाऊ नका. मी जाते."

बाईंनी मागे पाहिलं. दुसऱ्यांची लेकरं एकमेकांचे हात धरून त्यांच्याकडेच टकामका बघत होती. त्यांना पुढेही जाववेना आणि थांबवेना. मुख्याध्यापिका पायऱ्यांपर्यंत पोहोचल्या असतील नसतील, तोच दार आतून ढकललं गेलं.

ठमी पाठमोरी बाहेर आली. दार पाठीने लोटावं लागलं होतं, कारण दोन्ही हात गुंतलेले होते. ती वळली. ओंजळीत दिवा होता, काठोकाठ तेल, आणि ज्योत तिच्या नव्या फ्रॉकच्या झिरझिरीत बाहीपासून जेमतेम बोटभर लांब.

"हाक मारू नका," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "दचकेल ती."

मुख्याध्यापिका जागच्या जागी थिजल्या. बाई एकेक पाऊल टाकत लेकीजवळ गेल्या आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

"ठमे, हलू नको."

"आई, बघ. मी त्याला एकटं नाही सोडलं." पोरीचा चेहरा कौतुकाच्या आशेने नुसता फुलला होता.

वाऱ्याचा झोत आला. ज्योत आडवी झाली आणि बाहीला चाटून गेली. बाहीची कड क्षणात काळी पडली.

बाईंनी फुंकर मारली. छाती रिकामी होईपर्यंत मारली.

दिवा विझला. वातीतून धूर निघाला आणि वाऱ्यावर गेला. बाईंनी ती बाही मुठीत गच्च धरून ठेवली, पोळलं का, कुठं पोळलं, म्हणून पुन्हापुन्हा विचारत राहिल्या. पोळलं नव्हतं. ठमी नुसती विझलेल्या वातीकडे बघत होती.

इतक्यात रखवालदार हात हलवत बाहेर आला. शिक्षकांच्या खोलीत कुणाचा तरी पाव करपला होता, बाकी काही नाही.

आणि रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. ज्योतीवर फुंकर मारली की काय करायचं असतं, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. हात सोडून सगळी टाळ्या वाजवू लागली, आणि मग बेसूर आवाजात, त्यांच्या भाषेत, वाढदिवसाचं गाणंही म्हणू लागली. मुख्याध्यापिकांनी त्यांना थांबवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

बाईंना रडू फुटलं. लेक वाचली म्हणून, आणि तिच्यादेखत हे करावं लागलं म्हणूनही.

ठमीने दिवा एका हातात घेतला. दुसऱ्या हाताने आईचं तोंड पुसलं आणि तिच्या कानाशी लागली.

"आई, तिकडे आपल्या घरी फोन केलास ना, की हे सांगू नको हं. मीपण नाही सांगणार."