पचेपर्यंत हात लावायचा नाही

सापाच्या पिल्लाच्या मानेमागे, तांबड्या ठिपक्यावर, एक कण जरा जास्तच तांबडा होता. शिवांजलीने भिंग धरून पाहिलं. जखम नव्हती. किडाही नव्हता.

डब्याच्या कोपऱ्यात परवा गिळलेलं उंदराचं पिल्लू अर्धवट विरघळून पडलं होतं. सापाने पुन्हा ओकलं होतं.

तासगावच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. पेन्सिलीएवढं हे कॉर्न स्नेकचं पिल्लू तिने पुण्याच्या मैत्रिणीकडून रीतसर कागद करून आणलं होतं. परदेशी जात, बिनविषारी. खायला घालणंही सोपं. गोठलेला उंदीर कोमट पाण्यात सोडायचा, चिमट्यात धरून नाकाशी हलवायचा. गिळल्यावर मात्र दोन दिवस हात लावायचा नाही, लावला तर ओकतं. एकदा ओकलं तर सावरतं. दुसऱ्यांदा खंगतं. तिसऱ्यांदा बहुधा मरतंच.

ते मरून चालणार नव्हतं.

कुणीतरी त्याला उचलत होतं, एवढं उघड होतं. जयराज नव्हे. तिचा नवरा द्राक्षबागेतून आला की उंबऱ्याबाहेर थांबून मऊ आवाजात विचारायचा, “जित्तं हाय व्हय अजून?” पाऊल मात्र आत टाकायचा नाही. लहानपणी त्याने उसात एक साप मारला होता. मारलेल्याचे भाऊबंद डूख धरतात, हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं.

राहिल्या सासूबाई. फ्रीजरमधले उंदीर दिसल्यापासून शालूबाईंनी फ्रीजचं पाणी सोडलं होतं. “लोकांच्या सुना पोरं खेळवत्यात, आमची साप खेळवती,” असं त्या शेजारणींना सांगत. पिल्लू मरावं म्हणून त्याच हे करत असतील? शिवांजलीला विचारायचा धीर झाला नाही.

तिने अंथरूण त्याच खोलीत हलवलं. रात्रीचं तापमान बघावं लागतं, असं घरात सांगितलं. जयराजची बुलेट अंगणात वाजली की पिल्लू पुठ्ठ्याच्या नळीत शिरायचं, आणि ती थर्मामीटर बघायला आत जायची.

पिल्लाला तिने नियमाप्रमाणे उपाशी ठेवलं. त्याच्या बरगड्या हाताला लागू लागल्या. मग सगळ्यात लहान उंदीर निवडून दिला. बराच वेळ त्याने तोंड फिरवलं, शेवटी गिळला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं लक्ष लागेना. डोकं दुखतंय म्हणून ती दुपारीच घरी आली.

खोलीचं दार लोटलेलं होतं. शालूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी कुंकवाची डबी, आणि तळहातावर पिल्लू.

“आई, खाली ठेवा त्याला,” शिवांजली म्हणाली. “पोटात अन्न आहे. मरेल ते.”

शालूबाई दचकल्या. त्यांनी पिल्लू अलगद डब्यात सोडलं. हात सराईत होता.

“मला ठावं न्हवतं, पोरी. माजं म्हायेर शिराळ्याचं. आमी नागाला कुकू लावतो, भेत न्हाई.” मग म्हणाल्या, “तू कॉलेजात गेलीस की मी हितंच येऊन बसती.”

“कशाला?”

शालूबाईंनी डबी उचलायला हात पुढे केला, तशी चोळीची बाही वर सरकली. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते. ती बोटं कुणाची, हे शिवांजलीला विचारावं लागलं नाही. तिचा हात नकळत स्वतःच्या दंडावर गेला.

“घरात ही येकच खोली हाय,” शालूबाई म्हणाल्या, “जिथं त्यो येत न्हाई.”

पिल्लू डब्यात गुंडाळी करून पडलं होतं. पोटातला फुगवटा अजून जागेवर होता. शिवांजलीने झाकण लावलं, डबा टॉवेलात गुंडाळला आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओठांवर येऊन परत गेलेलं वाक्य म्हटलं.

“आई, लुगडी भरा. तो बागेतून यायच्या आत आपण तिघं फलटणला, माझ्या माहेरी जातोय. परत यायचं नाही.”