वाकडे टाके

वडिलांनी आरी पेनासारखी धरली आणि चामड्यात एक भोक पाडलं. ते आखलेल्या रेघेच्या बाहेर पडलं. दुसरं आत पडलं. शेजारच्या स्टुलावरून मुलीने वाकून पाहिलं आणि हसू दाबलं.

रविवारची सकाळ होती. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात हौशी लोकांसाठी चामड्याच्या कामाचा क्लास भरला होता. आठ जण उंच स्टुलांवर बसून चष्म्याचं घर शिवत होते. दोघांची नावं मुलीनेच घातली होती. निवृत्त झाल्यापासून वडील एकच वर्तमानपत्र दिवसभर उलटंसुलटं वाचत बसतात, हाताला काही काम हवं, असं तिचं म्हणणं. ती दातांची डॉक्टर होती. कुठला क्लास, ते तिने वर्गाच्या दारापर्यंत सांगितलं नव्हतं. दारातच मेणाचा आणि ओल्या चामड्याचा वास आला, तेव्हा वडील थबकले होते.

"नको वाटत असेल तर परत जाऊ," ती म्हणाली होती.

"आलोय ना आता," असं म्हणून ते आत शिरले होते.

शिकवणाऱ्या बाई टेबलांमधून फिरत त्यांच्यापाशी आल्या. तुकडा हातात घेऊन त्यांनी उजेडात धरला. "काका, टाके घरी निघालेत तुमचे, पण रस्ता चुकलेत. उसवा आणि पुन्हा घाला."

सगळे हसले. वडीलही हसले. त्यांनी टाके उसवले आणि पुन्हा घातले, आधीइतकेच वाकडे.

ते सोपं नव्हतं. जरा लक्ष ढळलं की आरीची मूठ आपसूक तळहातात जाऊन बसायची आणि टोक नेमकं रेघेवर टेकायचं. मग ते दचकून आजूबाजूला बघायचे आणि आरी पुन्हा पेनासारखी धरायचे. पस्तीस वर्षं नोकरी केली, मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत पोचले, पण आपल्याला हे काम येतं हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. बायकोलाही नाही. एका चष्म्याच्या घरापायी आज ते कळायला नको होतं.

मुलीची मात्र घाई चालली होती. चामडं जाड होतं, टोक शिरेना. शेवटी तिने तुकडा डाव्या तळहातावर घेतला आणि उजव्या हाताने आरी वरून सगळा जोर लावून दाबली.

"हात काढ."

वडिलांनी तिचं उजवं मनगट पकडलं होतं. तिने डावा हात बाजूला घेतला. आरीचं टोक चामड्यातून आरपार बाहेर आलं होतं. तळहातावर लाल ठिपका उमटला होता, रक्त नव्हतं.

"तळहात कधी खाली ठेवायचा नाही," ते म्हणाले. "ओलं चामडं एकदम वाट देतं."

त्यांनी तिचा तुकडा स्वतःकडे घेतला. आरी मुठीत धरली, टोक मेणाच्या गोळ्यात खुपसून काढलं आणि मनगट जरासं फिरवलं. एक भोक, दुसरं, पाचवं, नववं. मग दोन्ही सुया दोन्ही बाजूंनी घातल्या. दोरा ओढताना दोन्ही कोपरं एकदम बाहेर जात होती. रेघेकडे ते बघतही नव्हते. एक बाजू शिवून झाली तेव्हा त्यांनी मान वर केली. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"काका," बाई म्हणाल्या, "इतका वेळ थट्टा करत होतात की काय आमची?"

बाई क्षणभर थांबल्या आणि दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. हळूहळू बाकीचेही आपापल्या कामाला लागले.

मुलगी टाक्यांवरून बोट फिरवत होती. "बाबा, कुठे शिकलात हे?"

"माझ्या वडिलांकडे."

"आजोबांचं चपलांचं दुकान होतं, तिथे?"

"दुकान दुसऱ्याचं होतं." वडिलांनी आरी टेबलावर ठेवली. "ते बाहेर पायरीवर बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला शिवायचे. शाळा सुटली की मीही बसायचो त्यांच्याबरोबर. कॉलेजला जायला लागलो आणि बंद केलं. तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायचो."

"का?"

"बरोबर मित्र असायचे."

तिने हळूच विचारलं, "त्यांना दिसायचात तुम्ही?"

"दिसायचो की. मी दिसलो की ते मान खाली घालायचे. मला अवघड व्हायला नको म्हणून."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हातोडी ठोकत होतं. ठोकणं थांबलं. मग मुलीने तुकडा त्यांच्यापुढे सरकवला.

"दुसरी बाजू राहिलीय. मला दाखवा. जरा सावकाश."

वडिलांनी तुकडा उचलला. स्टुलावर जरा पुढे झाले, जरा मागे झाले. "असं उंचावर बसून नाही जमत," ते पुटपुटले. त्यांनी कोट काढून स्टुलावर टाकला. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये थोडी जागा होती. तिथे भिंतीला धरून ते खाली फरशीवर बसले. एक गुडघा कटकन वाजला. चामडं त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं.

तिथून त्यांना वर्गातल्या सगळ्यांची पावलं दिसत होती. बूट, चपला, एक नवी कोरी मोजडी. मुलीच्या उजव्या सँडलवर त्यांची नजर थांबली. पट्टा मुळापाशी सुटत आला होता.

"हा दोन दिवसही टिकायचा नाही," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "काढ. आधी ती दे इकडे."