गाय आरवली

अप्पा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी मोबाइलवर सापडलेल्या बातम्या आणि गाणी घरच्या ग्रुपवर टाकतात. मी तो ग्रुप केव्हाच म्यूट केलाय. म्हणून आज त्यांनी फोन थेट माझ्या पोळपाटाशेजारी आणून ठेवला. "हे ऐकच."

मॉरिशसमधली एक मराठी आजी पाळणा म्हणत होती, "गाय आरवली पहाटे, कोंबड्यानं दिलं दूध..."

माझं लाटणं थांबलं. ही उलटापालट तर फक्त आमच्या घरची! अप्पांच्या पणजीनं झोपेच्या भरात केलेली चूक म्हणून चार पिढ्या तिला हसल्या आणि पाळणा तसाच गात राहिल्या.

"पणजीची बहीण मॉरिशसच्या बोटीत चढली, ती पुन्हा दिसली नाही," अप्पा पुटपुटले. मग एका बोटानं त्यांनी व्हिडिओखाली लिहिलं, "आमच्याकडेही गायच आरवते."

तव्यावरची पोळी करपली, तरी मी हललेच नाही. त्या अनोळखी चेहऱ्यावर मला अप्पांचं नाक दिसत होतं.

दुपारी तिच्या नातीचं उत्तर आलं, "आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, बघा, माझं चुकत नव्हतं!"