दहापैकी दहा

शिंप्याने डोळे मिटले आणि बायकोचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"काका, पायाला दोरा लागल्यासारखा वाटला की 'हो' म्हणायचं," समोर बसलेली तरुण डॉक्टर म्हणाली. "उगाच अंदाज करायचा नाही."

दोरा नायलॉनचा, ब्रशच्या केसाएवढा. मधुमेहाने पाय बधिर झालेत का, ते त्यावरून कळतं. असे पाय वाचवायचं संशोधन इथे चाललं होतं. नवं औषध होतं आणि एकच जागा उरली होती. कोणाला घेणार, ते मात्र आधी कोणाला सांगत नव्हते.

शिंप्याला कोणी सांगायची गरजच वाटली नाही. त्याच्या थोरल्या भावाचीही अशीच तपासणी झाली होती. तो पडला सरळमार्गी, दहाही वेळा "नाही" म्हणाला. वर्षाच्या आत आधी अंगठा गेला, मग गुडघ्यापर्यंत पाय. बधिर पायावर औषध कोण वाया घालवणार, तो कापूनच टाकतात, हे शिंप्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि गेल्या महिन्यात त्याच्याच टाचेत टाचणी रुतली. दिवसभर तशीच राहिली. फरशीवरचे लाल ठिपके बायकोला दिसले, तेव्हा कुठे कळलं. तेव्हापासून त्याची भीतीने झोप उडाली होती. मशीन चालवताना तो सारखा वाकून बघायचा, पाय जागेवर आहेत ना.

तोड बायकोनेच काढली. मी मागे उभी राहते, दोरा टेकला की खांद्यावर बोट दाबते, म्हणाली. वर बजावलं, "खरं बोलून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नका."

बोट दाबलं गेलं.

"हो."

पुन्हा दाब. "हो." मग बराच वेळ काहीच नाही. "आता?" डॉक्टरने विचारलं. बोट हललं नाही. "नाही," तो म्हणाला. मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. खरं तर मिटल्या डोळ्यांनी आपले पाय कुठे आहेत, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"उघडा डोळे. दहापैकी दहा बरोबर."

त्याचा जीव भांड्यात पडला. बायको हसू लपवायला खिडकीकडे वळली. डॉक्टरने आकडा कॉम्प्युटरवर चढवला. एकदा नोंद झाली की मलासुद्धा बदलता येत नाही, असं सहज बोलून गेली.

"पाय छान आहेत तुमचे. त्यामुळे तुम्हाला घेता येणार नाही, काका. हे औषध बधिर पायांसाठी आहे, त्यांच्यात पुन्हा जाणीव यावी म्हणून."

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर नर्स पुढच्या माणसाला हाक मारत होती.

"मॅडम, मी खोटं बोललो. मला एकदाही काही लागलेलं कळलं नाही. हिला विचारा."

बायको रडवेली होऊन हो हो म्हणत होती.

डॉक्टरने त्याचे मोजे उचलून मायेने त्याच्या हातात दिले. "काका, औषध कोणासाठी आहे ते कळलं, की सगळे हेच म्हणतात."