खोळीचं बटण

"मिस्टर ऑर्विल, या पिस्तुलानं कधी कुणाचा जीव घेतलाय का?"

'विचारूनच दाखव' म्हणून मैत्रिणींनी डिवचलं होतं, आणि ब्रिननं विचारलं! आईनं डोळे वटारले. पण ब्रिन कसली ऐकते! ती आईवर आधीच रुसलेली. परवा नदीकाठच्या खोपटावर गेल्यावर आईनं नदीपलीकडून हाका मारल्या, आणि आता म्हणे, "मी नव्हतेच गं!"

पप्पांना सॅमन माशांच्या हंगामात नदीवर येणाऱ्या अस्वलांसाठी दांडगं पिस्तूल हवं होतं, जुनं, चारशे डॉलरांत बसेल असं.

"नाही घेतला, म्हणून तर स्वस्त," म्हातारा दुकानदार ऑर्विल म्हणाला. "तीनदा विकलं. तिन्ही वेळा तुमच्याच नदीकाठी सापडलं. माणूस नाही सापडला."

"बिघडलंय की काय?" पप्पा म्हणाले.

"छे! सहाही गोळ्या आत, कातडी खोळीचं बटण लावलेलं. कुणी बाहेर काढलंच नव्हतं. आपल्याच माणसानं हाक मारली, तर पिस्तूल कोण काढतं?"

ब्रिननं आईचा हात घट्ट धरला.

"पप्पा, आई, माझं ठरलं. मी नदीवर पुन्हा येणार नाही. आणि आई, सॉरी. परवा हाका मारणारी तू नव्हतीस."