आवाज एक नंबर

वरच्या मजल्यावरच्या दाढीवाल्याला एकच गेम एकाच वेळी सहा खिडक्यांत खेळायचा होता. सहाही योद्धे तोच चालवणार. मी चौसष्ट जीबी रॅम आणि विटेएवढं ग्राफिक्स कार्ड टाकून त्याला मशीन बांधून दिलं. वर जाऊन जोडत होतो, तेव्हा त्याची बायको सगळा वेळ दाराआड उभी होती.

त्या दिवसापासून आमच्या डोक्यावर रोजची लढाई. तलवारींचा खणखणाट, आपटाआपटी, बाईच्या किंकाळ्या. आईच्या कानठळ्या बसायच्या.

"अरे, किती खरं वाटतं रे ते ओरडणं!"

"वाटणारच. स्पीकर मी निवडलेत," मी कॉलर ताठ करून सांगायचो.

आज दुपारी वर काहीतरी धाडकन भिंतीवर आदळलं. काच फुटली. एक किंकाळी आली आणि मध्येच तुटली.

"झाला मेल्याचा गेम सुरू!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "जा, आवाज कमी करायला सांग त्याला."

 

दुरुस्तीला आणलेलं त्याचं मशीन सकाळपासून माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं.