पदरात घेतलेला नेम

दानम्माला बाटली भरता येईना. सरकारी दवाखान्याच्या संडासात ती पाव तास बसून आली, तेव्हा तळाला दोन बोटं लघवी होती, आटवलेल्या काढ्यासारखी तांबडी. सिंधु नर्सनं बाटली खिडकीशी धरली, मग पोरीकडं बघितलं. सोळा वर्षांची असेल. ओठांना चिरा पडलेल्या, कमरेवर हात दाबून वाकलेली.

“दिवसाचं पाणी किती पितीस गं?”

पोरीच्या आधी आईच बोलली. कमलम्माच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि आवाज देवघरात बोलावं तसा हळू.

“तिचा नेम हाय बाई. उजाडल्यापासनं पाण्याला शिवत न्हाई. सांजच्याला लिंगपूजा करून तीर्थ घेते, मग भाकरीसंगं पेलाभर. पाऊस पडंपतुर.”

“कधीपासनं?”

“शिवरात्रीपासनं.”

वैशाख चालू होता. कमलम्मानं जन्मभर सोमवार केले, शिवरात्री केल्या, पण एवढा कडक नेम तिला कधी साधला नव्हता. पूजेला बसली की ती तळहातावरच्या लिंगाला म्हणायची, माझं अपुरं पोरीनं पुरं केलं. टँकर चौथ्या दिवशी यायचा. दानम्माच्या वाटणीचं पाणी शेजारच्या बाळंतिणीला जायचं. गल्लीतल्या म्हाताऱ्या पोरीच्या पाया पडायच्या. तिचं बघून आणखी तिघींनी नेम धरला होता. त्यातली एक, रत्नम्माची महानंदा, आत्ता दारातल्या बाकावर आईला टेकून बसली होती. रत्नम्मा सोबतीला म्हणून आली होती.

“नेम राहू द्या बाजूला,” सिंधु म्हणाली. “मूत्रपिंडाला सूज हाय म्हणले डाक्टर. पाणी पोटात गेलं न्हाई तर लेक हाताला लागायची न्हाई, मावशी.”

धरलेला नेम अर्ध्यात सोडता येत नाही, पण दुसऱ्यानं पुढं चालवता येतो, हे कमलम्माला ठाऊक होतं. सासू मल्लम्मा अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचे राहिलेले अकरा सोमवार कमलम्मानंच पदरात घेतले होते. ती उठली. कमरेच्या पिशवीतून विभूतीची डबी काढून लेकीच्या हातात दिली आणि तिच्यासमोर पदर पसरून उभी राहिली.

“चिमूटभर टाक ह्यात. आजपासनं तुझा नेम मी चालवते. शिवाला चालतंय. तू पाणी पी, माझे बाई.”

सिंधुनं पेला भरून पुढं ठेवला. दानम्मानं डबी उघडली नाही. पेल्यालाही हात लावला नाही.

“टाक की गं.”

“नेम तू घेशील, अव्वा. पन पाणी पिलं की परसाकडं मलाच जावं लागंल ना.”

“म्हंजी?”

“आडोशाला बाभळी कुठं राहिल्यात आता?” दानम्मा खाली बघत बोलली. “गावाचा जिल्हा झाला, हापिसं बांधायला समद्या तोडल्या. कुठंबी बसलं तरी दारूच्या गुत्त्यावरनं दिसतंय. पहाटं तुमच्या घोळक्यात येते, तेवढंच. दिवसा चौघं दारुडे तिथंच बसून राहतेत. हातात टमरेल दिसलं की शीळ घालतेत. उठून मागं येतेत.” तिनं डबी मुठीत आवळली. “गुणाबाईच्या सुनंला तिथंच धरलं व्हतं.”

हे कमलम्माला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माघात गुणाबाईची सून फाटक्या चोळीनिशी पळत आली होती. चौकीत तिलाच विचारलं, एकटी कशाला गेलीस? पंधरा दिवसांत ती माहेरी गेली, ती परत आली नाही. त्याच दिवसांत लेकीची वेणी घालता घालता कमलम्मा म्हणाली होती, आपुन ऐकलं न्हाई म्हणायचं. पोरींनी असलं तोंडातनं काढू नये. मग आठ दिवसांनी शिवरात्र आली.

“मला का न्हाई सांगितलंस?”

“तूच म्हणलीस, काढू नये.” दानम्मा डबीकडं बघत म्हणाली. “नेम हाय म्हणलं की कुनी इचारत न्हाई.”

कमलम्माचा आवाज आणखी खाली गेला. “तुला काय केलं का त्यांनी?”

“न्हाई.” पोरीनं डबी आईच्या हातात परत दिली. “अजून न्हाई.”

पदर अजून पसरलेलाच होता. त्यात घ्यायला काही नव्हतं. कमलम्मानं तो खांद्यावर टाकला, पेला उचलला आणि लहान लेकराला पाजावं तसा दानम्माच्या ओठांना लावला.

“मी येते संगं. दर टायमाला येते. हातात काठी घिऊन येते. पी.”

दानम्मा प्यायली. चिरांना पाणी लागलं तशी कळवळली, तरी प्यायली. दारातून रत्नम्मा घाबऱ्या आवाजात म्हणाली, “अगं कमलम्मा, नेम मोडलीस का पोरीचा? पाऊस कसा पडंल मग?”

कमलम्मा रत्नम्माला टेकलेल्या महानंदाच्या ओठांकडं बघत होती. मग सिंधुकडून तिनं दुसरा पेला भरून घेतला, बाकापाशी गेली आणि त्या पोरीपुढं धरला.

“पी बाई.”

महानंदानं आईकडं बघितलं. पेल्याकडं बघितलं नाही. मान वळवून तिनं दाराबाहेर गुत्त्याच्या दिशेला बघितलं, मग दिवस किती राहिला ते बघू लागली.

ऊन अजून डोक्यावर होतं.